कृषी सल्ला : सौर पंपाचे अनुदान कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर

प्रश्न : नवी मुंबईतील घरमालकांना छतावरील सौर संचासाठी ७८,००० रुपये मिळतात आणि शेजाऱ्याच्या शेतीपंपाचे बिल शासन भरते, मग सौर पंपासाठी आम्हीच पैसे का भरायचे? (मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर : आपली तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु आकडे शेजारी-शेजारी मांडले की चित्र काहीसे बदलते. पीएम सूर्यघर योजनेतील ७८,००० रुपये ही ३ किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचासाठीची कमाल रक्कम असून उरलेला खर्च घरमालकालाच करावा लागतो. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत मात्र सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्केच भरायचे आहेत. वीजजोडणी असलेल्या शेजाऱ्याला ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज एप्रिल २०२४ पासून मोफत मिळते हे खरे. पण वीजजोडणी असल्यामुळेच त्याला या योजनेतून सौर पंप मिळत नाही.

शेतीच्या स्वस्त विजेचा भार आपल्या दरांवर पडतो, असे उद्योजक सांगतात आणि तेही निराधार नाही, कारण औद्योगिक व व्यापारी ग्राहकांचे दर शेतीच्या दरांपेक्षा पुष्कळ चढे ठेवूनच ही तूट काही प्रमाणात भरली जाते. हा भार कोणी किती उचलावा, हे विधिमंडळाने आणि वीज नियामक आयोगाने ठरवायचे आहे. कृषी विभागाने त्यात पडू नये.

ठाणे जिल्ह्यापुरता खरा फरक मात्र टक्केवारीत नाही. ३ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३ किलोवॉटचेच पॅनेल लागतात, म्हणजे घरावरच्या संचाइतकेच. घरमालकाची जास्तीची वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे मीटर) त्याच्या बिलात वळती होते, तर आपले पॅनेल भाताच्या हंगामात पावसाने शेत भरलेले असताना जवळजवळ रिकामे उभे राहतात. यावर उपाय म्हणजे भातानंतर भेंडी, वाल किंवा मोगरा यांचे नियोजन आधी करणे आणि मगच अर्ज करणे. मार्चनंतर विहिरीला पाणी टिकत नसेल, तर आधी पाण्याची सोय पाहावी. शाश्वत जलस्रोत ही योजनेची अटच आहे, आणि कोरड्या विहिरीवर बसवलेल्या पंपाचे ९० टक्के अनुदानही वायाच जाते.

दुसरी अडचण कोकणात सर्रास दिसते. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सगळी नावे असतात, निम्मे हिस्सेदार कल्याण-डोंबिवलीला राहतात, आणि अर्जासोबत त्या सर्वांचे ना हरकत पत्र स्टॅम्प पेपरवर द्यावे लागते. माझ्या मते अनुदानातली सर्वांत मोठी विषमता इथे आहे, कारण कसणाऱ्याला पंपाच्या किमतीहून सह्या गोळा करणेच जड जाते. त्याची चर्चा मात्र कोणत्याच सभेत होत नाही.

अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती, अशी मर्यादा आहे. क्षेत्र कमी असता मोठ्या पंपाचा आग्रह धरू नये. सातबाऱ्यावर विहीर किंवा कूपनलिकेची नोंद नसल्यास ती आधी तलाठ्याकडून करून घ्यावी, आणि हिस्सेदार गणपतीला गावी आले की संमतीपत्रांवर सह्या घेऊन ठेवाव्यात.