जॅझ ऐकताना: वाचकांचे प्रश्न

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी एलपी आहे. पहिली बाजू पेटीशी जुळत नाही, दुसरी मात्र चोख जुळते. टर्नटेबल बिघडलं का? (एक वाचक, सांगली)

टर्नटेबलचा दोष असता तर दुसरी बाजूही बिघडली असती. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाल्या. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. तीच टेप योग्य वेगानं वाजवली की सूरही चढतो आणि लयही. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिला हा त्रास नाही. १९९२ साली राखीव टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली. १९९७ ची सीडी आणि त्यानंतरच्या बहुतेक आवृत्त्या बरोबर सुरात आहेत.

जुनीच एलपी वापरायची तर टर्नटेबलला पिच कंट्रोल, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सोय, हवा. आधी दुसऱ्या बाजूवरचं ‘ऑल ब्लूज’ लावा. त्याचा सा पांढरी पाच, तो पेटीशी जुळला म्हणजे टर्नटेबलचा वेग ठीक. मग पहिल्या बाजूवरचं ‘सो व्हॉट’ लावून, त्याचा सा पांढरी दोनवर बसेपर्यंत वेग उतरवा. बाजू बदलताना कंट्रोल पुन्हा शून्यावर आणायला विसरू नका.

‘सो व्हॉट’मध्ये आवर्तन कुठे संपतं ते कळत नाही. तबला वाजवतो, तरी चुकतो. (एक वाचक, पुणे)

एक फेरा ३२ बारचा (एक बार ४ मात्रांचा), म्हणजे १२८ मात्रांचा. पहिले १६ बार पांढरी दोनच्या सावर काफी थाटाचे स्वर, पुढचे ८ बार तेच सगळं काळी दोनवर, मग ८ बार परत खाली. गोंधळ होतो तो इथे: शेवटचे ८ आणि नव्या फेऱ्याचे १६ मिळून सलग २४ बार एकाच सावर जातात, आणि मध्ये सम दाखवणारा ठेका नाही. म्हणून सम शोधत बसू नका. सा काळी दोनवर चढला की ती खूण पकडा आणि तिथून १६ बार मोजा. सतराव्याला नवा फेरा.

सुरुवात हुकायचं कारण नाही. साधारण दीड मिनिटाला ड्रमर जिमी कॉबची झांज दणक्यात वाजते, तिथे माइल्सचा सोलो सुरू होतो. माइल्स आणि सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन व कॅननबॉल ॲडरली प्रत्येकी २ फेरे घेतात, पियानोवर बिल एव्हान्स एकच. एक फेरा मिनिटाच्या जरा आत संपतो.

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या मैफलीची १९५६ ची एलपी घ्यावी की १९९९ ची दोन सीडींची आवृत्ती? (एक वाचक, पणजी)

१९९९ ची. ७ जुलै १९५६ च्या त्या रात्री वाद्यवृंदातल्या पॉल गोन्साल्विसनं १२ बारच्या ब्लूजचे सलग २७ फेरे वाजवले, पण एलपी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या नव्हे तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकसमोर. एलपीवर त्याचा सॅक्सोफोन दुरून आल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. शिवाय त्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत. नव्या आवृत्तीत कोलंबिया आणि रेडिओ, दोघांच्या टेपा जुळवल्या आहेत आणि सोलो समोर आला आहे. ‘लाइव्ह’ छापलेलं सगळं लाइव्ह नसतं.

मैफलीत टाळ्या कधी वाजवाव्यात? (एक वाचक, मुंबई)

सोलो संपल्यावर लगेच. ड्रमर आणि दुसरा वादक चार-चार बार आलटून पालटून घेत असतील तर मध्ये टाळ्या नकोत. त्यानं पुढच्याची पहिली मात्रा बुडते. बासच्या सोलोत गप्पा बंद. वादकानं स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवलं तर मूळ धून परत येते आहे.