मधुमेह-शिक्षक व्हायचे आहे, तेही स्पॅनिश भाषेतून: एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचे म्हणून तिने ही वाट धरली होती, परंतु गेल्या उन्हाळ्यात एका सामुदायिक आरोग्य केंद्रात नावनोंदणीचे काम करताना तिने तिथला स्पॅनिशमधून चालणारा मधुमेहाचा वर्ग पाहिला आणि आता तिला तेच काम करायचे आहे, असे आपण कळवले आहे. याला करिअर म्हणायचे की समाजसेवा, आणि मराठी घरातल्या मुलीचे स्पॅनिश तिथे कोण ऐकून घेणार, असे आपले दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. हे रीतसर करिअर आहे, मात्र ते थेट पदवी घेऊन सुरू होत नाही. परिचारिका, नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट किंवा डॉक्टर असा एखादा मूळ परवाना हाती असावा लागतो. त्यानंतर त्या व्यवसायातला दोन वर्षांचा अनुभव, मधुमेह-शिक्षणाचे किमान १,००० तास प्रत्यक्ष काम आणि १५ तासांचे पूरक प्रशिक्षण पूर्ण झाले की प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येते. या प्रमाणपत्राचे नाव पूर्वी 'सर्टिफाइड डायबेटिस एज्युकेटर' असे होते. २०२० पासून ते 'सर्टिफाइड डायबेटिस केअर अँड एज्युकेशन स्पेशालिस्ट' असे झाले आहे. म्हणून आज ठरवायचे आहे ते एवढेच, की मूळ परवाना कोणता घ्यायचा. वर्गातल्या बाई टेबलावर मक्याच्या आणि मैद्याच्या टॉर्टिया शेजारी शेजारी मांडून कर्बोदकांचा हिशेब कसा समजावत होत्या, हे कन्येने घरी आल्यावर तासभर सांगितले, असे आपण लिहिले आहे. तेवढ्यावरून माझा कल आहारतज्ज्ञाच्या बाजूने आहे. १ जानेवारी २०२४ पासून आहारतज्ज्ञाच्या नोंदणी-परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे, हे मात्र वर्षांचा आणि खर्चाचा हिशेब करताना विसरू नये. नर्सिंगचा रस्ता तुलनेने लवकर नोकरीपर्यंत नेतो.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण या कामात भाषा ही नुसती जोड नसून कामाचा गाभाच आहे. औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत 'दिवसातून एकदा' असे छापताना 'वन्स' (once) हा शब्द वापरतात. नेमकी तीच चार अक्षरे स्पॅनिश वाचणाऱ्याला 'ओन्से', म्हणजे अकरा, अशी दिसतात. मधुमेहाच्या गोळ्यांच्या बाबतीत या गैरसमजाचा अर्थ काय होईल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मेक्सिकन घरांतून 'सुस्तो' नावाची एक समजूत आढळते, ती अशी की अचानक मोठा धक्का बसला की त्यातून मधुमेह जडतो. आपल्या सासूबाई सांगलीत, मामंजी गेल्याच्या धसक्यानेच आपली साखर वाढली, असे अजून सांगतात, हे आपल्याच पत्रात आहे. 'सुस्तो'ला मराठीत 'धसका' याहून चपखल शब्द मला सुचत नाही. ही समजूत हसण्यावारी न नेता, तिच्यासह त्या माणसाला औषधापर्यंत कसे आणायचे, हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला तिथली आजीबाई परकी वाटणार नाही. इन्सुलिनने दृष्टी जाते अशीही भीती अनेकांच्या मनात असते, कारण नात्यातल्या कोणाला इन्सुलिन फार उशिरा, डोळ्यांवर परिणाम होऊ लागल्यावर सुरू झालेले त्यांनी पाहिलेले असते. तिथे आकडे सांगून उपयोग होत नाही. आधी त्या नातेवाइकाची हकिकत पूर्ण ऐकून घ्यावी लागते.

याचा परिणाम मोजलाही गेला आहे. टेक्सासमध्येच, रिओ ग्रांदे नदीकाठच्या स्टार काउंटीत, टेक्सास विद्यापीठाच्या शॅरन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५६ मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांसह एक अभ्यास केला. दोन्ही भाषा येणाऱ्या स्थानिक परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि गावातल्या कार्यकर्त्यांनी वर्षभरात ५२ तास शिकवले आणि घरातल्या एका माणसालाही सोबत बसवले. सहा महिन्यांनी या गटाचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, हे शिक्षण अजून न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा १.४ ने कमी होते. तरीही ते सरासरी १० च्या वरच राहिले, हेही कन्येला माहीत असू द्या. हे काम सावकाश फळ देते आणि ज्याला झटपट गुण हवा असतो तो इथे खचतो.

पैशाविषयीही आडपडदा ठेवत नाही. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पहिल्या वर्षी १० तासांच्या मधुमेह-शिक्षणाचे पैसे देते, पण कन्येने पाहिलेल्या वर्गातल्या अनेकांकडे कोणताच विमा नसण्याची शक्यता आहे. अशी केंद्रे सरकारी अनुदानावर आणि उत्पन्नानुसार आकारलेल्या शुल्कावर चालतात. डॉक्टरइतकी कमाई इथे होणार नाही. नोकरी निवडताना, पद कायमचे आहे की अनुदान संपले की संपणारे, हे पहिल्याच मुलाखतीत विचारावे.

महाविद्यालयापर्यंत शिकलेले स्पॅनिश या कामाला अपुरे आहे, हे तिला आत्ताच कळलेले बरे. वयस्क रुग्णाशी 'तू' न म्हणता 'उस्तेद' म्हणून बोलणे तिला लगेच जमेल, कारण 'अहो-जाहो' तिच्या कानावर आहे. पायाला मुंग्या येणे, गरगरणे, घाम फुटणे यांसाठी लोक बोलताना काय म्हणतात, ते मात्र रुग्णांकडूनच शिकावे लागेल. टेक्सासमध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांसाठी, ज्यांना तिथे 'प्रोमोतोरा' म्हणतात, १६० तासांचा राज्यमान्य अभ्यासक्रम आहे. येत्या उन्हाळ्यात तिने तो करावा आणि त्याच केंद्रातल्या बाईंच्या हाताखाली बसावे. तोवर जीवशास्त्र सोडू नये, कारण रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट या तिन्ही वाटांवर उपयोगी पडते, आणि पुढे पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळावेसे वाटले तरी ते दार उघडे राहते.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करता येईल. सासूबाई इन्सुलिनला घाबरतात, असे आपण लिहिले आहे. डॉक्टरांनी त्यांना जे सांगितले आहे ते कन्येने व्हिडिओ कॉलवर मराठीतून समजावून द्यावे आणि मग, 'आजी, मी काय म्हणाले ते आता तू मला सांग,' असे म्हणून गप्प बसावे. आजींनी काय उत्तर दिले आणि ते ऐकताना कन्येला मध्येच बोलण्याचा मोह किती वेळा झाला, हे तिने स्वतः मला लिहून कळवावे. मूळ परवान्याविषयी पुढचे आपण त्यानंतर बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक