पीएचडी नसताना पुस्तकसंग्रहाच्या इतिहासावर परदेशी फेलोशिप मिळते का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहात, पीएचडी नाही, आणि जुनी मराठी पुस्तकं कुणी जमवली, कुठून कुठे गेली यावर काम करायचंय. मिळू शकते. वर्षा-दोन वर्षांच्या मोठ्या फेलोशिप बहुतेक विद्यापीठवाल्यांच्याच असतात, तो नाद सोडा. महिना-दोन महिन्यांच्या छोट्या असतात, त्यांच्याकडे बघा. न्यूयॉर्कचा ग्रोलिए क्लब आणि अमेरिकेची बिब्लिओग्राफिकल सोसायटी (पुस्तकांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था) स्वतंत्र संशोधकांचेही अर्ज घेतात. नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.

ग्रोलिए क्लब ही 1884 सालची पुस्तकवेड्यांची संस्था. नाव झां ग्रोलिए या सोळाव्या शतकातल्या फ्रेंच संग्राहकाचं. तो आपल्या पुस्तकांच्या बांधणीवर ‘ग्रोलिए आणि त्याच्या मित्रांचे’ असं लॅटिनमध्ये उठवून घ्यायचा. (आपल्याकडे पहिल्या पानावर ‘हे पुस्तक नेल्यास परत करावे’ लिहितात, त्याच्या बरोबर उलट.) तिथल्या ग्रंथालयात विक्रेत्यांच्या याद्या आणि लिलावांचे कॅटलॉग भरलेत. पुस्तक कुणाकडून कुणाकडे गेलं हे शोधणाऱ्याला हेच लागतं.

माझा पहिला अर्ज नापास झाला. विषय लिहिला होता ‘मराठी मुद्रणाचा इतिहास’. ग्रंथालयाकडून एका ओळीत उत्तर आलं: आमच्याकडच्या कुठल्या पेट्या उघडणार आहात? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी त्यांचा कॅटलॉग उघडलाच नव्हता. पुढच्या वेळी अकरा नोंदी क्रमांकासकट दिल्या, प्रत्येकीपुढे एक ओळ, की यात काय बघणार. तेव्हा जमलं.

प्रश्न किती लहान हवा, त्याचा एक नमुना देतो. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे 1649 आणि 1654 मध्येही निघालं, पण या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. देवनागरी पोथी मात्र लंडनला सोआसच्या (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या विद्यापीठीय संस्थेच्या) ग्रंथालयात सापडली, कारण विल्यम मार्सडेन नावाच्या, आयर्लंडमध्ये जन्मलेल्या संग्राहकाने ती जपली होती. त्याने आपल्या संग्रहाची यादी 1827 मध्ये छापली, नंतर संग्रह किंग्ज कॉलेजला दिला, तिथून तो सोआसला आला. आता ‘ख्रिस्तपुराणाचं वाङ्मयीन महत्त्व’ यावर या मंडळींकडून पैसे मिळणार नाहीत. ‘ही पोथी मार्सडेनकडे कुणाच्या हातून आली’ यावर मिळू शकतात.

तुमच्या कामाला आणखी एक जागा सुचते, हार्वर्डचं हॉटन ग्रंथालय. तेही पाहुण्या संशोधकांना फेलोशिप देतं. 1813 साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेची कागदपत्रं तिथे आहेत, आणि मुंबईतली मराठी छपाई त्यांच्या छापखान्याचा उल्लेख केल्याशिवाय सांगताच येत नाही. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पुस्तकाला शिवत नसत, तेव्हा तुपाची शाई करणारे गणपत कृष्णाजीही त्यांचंच काम बघून शिकले.

अर्जाआधी घरचं काम करा. तुमच्या वाचनालयातली दोलामुद्रितं, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, काढा. शं. ग. दात्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’शी (छापील मराठी पुस्तकांच्या यादीशी) ताडून बघा. मग मजकूर सोडून बाकी सगळं टिपा: शिक्के, विक्रेत्याची चिकटपट्टी, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली किंमत, बक्षीस दिल्याची ओळ, कसर कुठल्या पानापर्यंत गेलीय तेसुद्धा. असे पंधरा-वीस नमुने फोटोंसह हाताशी असले की पदवीचा प्रश्न मागे पडतो. शिफारसपत्र तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं घ्या, ओळखीच्या कुलगुरूंचं नको.

आणि पैशांचं. मला रक्कम तिथे पोचल्यावर मिळाली. व्हिसा आणि तिकीट आधी खिशातून भरलं, त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढावं लागलं. तेव्हा रक्कम कधी हातात पडते, हे अर्ज करण्यापूर्वीच ईमेल करून विचारा.