वेगास, ब्लॅकजॅक आणि टॅक्स: विचारलंत म्हणून, जरा लांबलंय

कंपनी ऑक्टोबरात एल-वन (कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या) व्हिसावर लास वेगासला पाठवतेय, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर, गोव्याच्या बोटींवर ब्लॅकजॅक खेळायची आवड, तर तिकडे चांगली टेबलं कुठली आणि जिंकलेल्या पैशांवर टॅक्स कसा, असं तुम्ही विचारलंत. वर ॲरिझोनात शिकणाऱ्या मेव्हण्याचंही विचारलंत. असल्या प्रश्नांना मी सहसा उत्तर देत बसत नाही, पण हा वाचला आणि डोक्यातून जाईना. घर, गाडी, लायसन्स ह्याबद्दल काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे.

आधी टेबल. कुठलं कॅसिनो चांगलं असं विचारू नका, कारण एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी दोन टेबलं असतात आणि नियम वेगळे. बसायच्या आधी हिरव्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) लागला की ३:२ मिळतात की ६:५, हे पहिलं. १० डॉलर लावले तर एकीकडे १५, दुसरीकडे १२. तीन डॉलरने काय होतंय असं वाटतं, पण ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, म्हणजे हा फरक जवळपास १.४ टक्के पडतो, आणि नीट बेसिक स्ट्रॅटेजीने (कुठल्या हातावर काय करायचं ह्याचं ठरलेलं कोष्टक) खेळणाऱ्यावर चांगल्या टेबलावर कॅसिनोचा फायदाच मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे तिप्पट-चौपट महाग टेबलावर बसलात की! दुसरं, डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेले १७) थांबतो की अजून पत्ता घेतो. घेत असेल तर ०.२ टक्के अजून गेले. स्प्लिटनंतर (सारख्या दोन पत्त्यांचे दोन हात केल्यावर) डबल, म्हणजे दुप्पट पैसे लावू देतात का, सरेंडर, म्हणजे अर्धे पैसे सोडून हात टाकायची सोय आहे का, हे त्यानंतर. पत्ते लगेच परत मशीनमध्ये ढकलणारं टेबल असेल तर मी बसत नाही, तासाला हात जास्त पडतात आणि हात जास्त म्हणजे पैसे जास्त जातात.

स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, कमी मिनिममची टेबलं बहुतेक ६:५ चीच, ३:२ हवं तर मिनिमम वाढतं. ‘सिंगल डेक’चा (एकाच गड्डीने खेळायचा) बोर्ड बघून हुरळू नका, पुष्कळदा खाली बारीक अक्षरात ६:५ असतंच. डाउनटाउनला फ्रीमाँट स्ट्रीटवरचं एल कोर्टेझ सिंगल डेक ३:२ साठी जुनं नावाजलेलं आहे, आणि स्ट्रिपपासून लांबची, इथले रहिवासी जातात ती कॅसिनो एकंदरीत बरी. नियम बदलत राहतात, दर वेळी कापड वाचाच. इन्शुरन्स, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज, घेऊ नका. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. बेसिक स्ट्रॅटेजीचं छोटं कार्ड गिफ्ट शॉपमध्ये विकत मिळतं आणि टेबलावर समोर ठेवून खेळलं तरी सहसा कुणी काही म्हणत नाही. पत्ते मोजणं, म्हणजे कुठले निघून गेले त्याचा मनात हिशोब ठेवणं, बेकायदा नाही, पण नेवाडात कॅसिनो तुम्हाला ‘आता ब्लॅकजॅक नको’ म्हणून सरळ उठवू शकतं. तिकडे न्यू जर्सीत मात्र १९८२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की मोजतो म्हणून हाकलता येणार नाही.

आता हे सगळं मला कसं माहीत. मी आले एच-फोरवर, नवऱ्याच्या व्हिसामागे मिळणाऱ्या व्हिसावर. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्यापर्यंत जाईपर्यंत मला काम करायची परवानगी नव्हती, सांगलीत मी बँकेत होते आणि इथे आल्यावर सकाळी आठला नवरा आणि मुलगी बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत मी आणि तो घोंघावणारा एसी. (तुमच्या बायकोचं तसं नाही हं, एल-टूवरच्या, म्हणजे एल-वनवाल्याच्या जोडीदाराला आता वेगळं परमिट न काढता काम करता येतं, फक्त आय-९४ वर (देशात आल्याची सरकारी नोंद) एल-टू-एस लिहिलंय का ते विमानतळावरून निघाल्यावर लगेच ऑनलाइन बघा, चुकलं असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. तिला सांगा, एक दिवससुद्धा वाया घालवू नकोस.) एकटेपणाबद्दल सगळे विचारतात. होतं. पुढे.

तर मी सकाळी कॅसिनोत जायला लागले. १५ डॉलरचं टेबल, तासाला साधारण ७० हात, म्हणजे हजार-अकराशे डॉलर फिरतात, त्यावर अर्धा टक्का म्हणजे सरासरी पाचेक डॉलर तासाला माझे जाणार, हे मी आधीच धरलेलं. एखाद्या दिवशी दोनशे यायचे, एखाद्या दिवशी तीनशे जायचे, पण माझ्या लेखी ते पाच डॉलरच. तेवढ्यात शेजारी चार माणसं बसतात, तुमच्या १६ वर डीलरचा १० आला की सगळी मिळून हळहळतात, आणि तुम्ही इथे काय करता असं कुणी विचारत नाही. जिंकायला जात होते असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्ही गोव्यात कशासाठी जाता ते तुम्हाला माहीत.

नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आणि इथेच टॅक्स येतो. ब्लॅकजॅकच्या साध्या हातांवर कॅसिनो कुठलाही फॉर्म देत नाही. स्लॉट मशीनवर ठराविक रकमेपासून पुढे लागलं तर डब्ल्यू-टू-जी हा जिंकल्याचा फॉर्म मिळतो, ती मर्यादा १९७७ पासून १,२०० डॉलर होती, २०२६ पासून २,००० झाली. पण फॉर्म नाही म्हणजे टॅक्स नाही असं अजिबात नाही, जिंकलेलं सगळं रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. सीएच्या प्रश्नावलीत ‘गॅम्बलिंगचं उत्पन्न?’ असा रकाना होता, नवरा हसत हसत ‘नाही’वर टिक करायला निघाला आणि मी म्हटलं, थांबा. कपाटातून वही काढून दिली. तारीख, जागा, टेबल, किती घेऊन बसले, किती घेऊन उठले. तो बराच वेळ पानं उलटत बसला, मग एवढंच म्हणाला, अक्षर अजून बँकेतलंच आहे तुझं. दोघांचं रिटर्न एकत्र, म्हणजे माझी सकाळ त्याच्या पगाराखाली टाइप झाली.

वही तुम्हीही ठेवा, कारण गोची पुढे आहे. हरलेले पैसे वजा करायचे तर खर्च आयटमाइज करावे, म्हणजे एकेक करून दाखवावे लागतात, आणि त्याऐवजी मिळणारी सरसकट वजावट, नवराबायकोचं स्टँडर्ड डिडक्शनच २०२६ साठी ३२,२०० डॉलर आहे, त्यामुळे बहुतेकांना आयटमाइज करणं परवडत नाही. म्हणजे जिंकलेलं मोजलं जातं, हरलेलं वाऱ्यावर. म्हणून एका बैठकीतला निव्वळ आकडा (बसल्यापासून उठेपर्यंतचं जिंकणं-हरणं मिळून) लिहिण्याला महत्त्व. त्यात २०२६ पासून नवीन कायद्याने हरलेल्याचे ९० टक्केच धरतात. वर्षात २० हजार जिंकले, २० हजार हरले, तर १८ हजारच वजा, हातात शून्य आणि २ हजारांवर टॅक्स! नेवाडाला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, तेवढंच सुख.

तुमचं पहिलं वर्ष मात्र वेगळं आहे. ऑक्टोबरात आलात आणि आधी इथे फारसं राहिला नसाल तर डिसेंबरपर्यंत टॅक्सपुरतं रेसिडेंट व्हायला लागणारे १८३ दिवस भरत नाहीत, म्हणजे त्या वर्षी तुम्ही टॅक्सपुरते नॉन-रेसिडेंट. नॉन-रेसिडेंटला ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स, बॅकरा ह्यांच्या जिंकलेल्यावर अमेरिकेचा टॅक्स नाही, पण स्लॉटवर थेट ३० टक्के कापतात आणि हरलेलं वजा करू देत नाहीत. लगेच खूश होऊ नका. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर भारतात म्हणजे १८३ दिवस, त्यामुळे त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारताचे रेसिडेंट, आणि वेगासचं जिंकलेलंही भारतात ३० टक्के अधिक सेस, हरलेलं वजा न करता. निघायच्या आधी तिकडच्या सीएशी बोला.

आणि मुलीची शाळा. विचारलं नाहीत, तरी सांगते. प्रवेशाच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म देतात. मी मराठी लिहिलं, खरंच होतं ते. तेवढ्यावर इंग्रजीची परीक्षा लावली, आणि बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, पुस्तकात तोंड खुपसून बसणारी माझी मुलगी, नव्या जागेत घाबरून तोंडी परीक्षेत गप्प राहिली. मग रोज सायन्सच्या तासाला तिला उठवून वेगळ्या खोलीत, जिथे मांजराच्या चित्राखाली मांजर लिहायचं. वार्षिक परीक्षा होईपर्यंत काहीही बदलणार नाही म्हणाले. पालकांना तो वेगळा वर्ग नाकारायचा हक्क असतो हे मला वर्ष संपल्यावर दुसऱ्या एका आईकडून कळलं, शाळेच्या पत्रात ते चौथ्या पानावर होतं म्हणे. अजून राग जात नाही माझा. तुम्ही मराठीच लिहा, मीही परत तेच लिहीन, पण परीक्षा कशी असते ते मुलीला आधी समजावून सांगा आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. जुनी प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचा कागद हँडबॅगेत.

मेव्हण्याचं राहिलं. एफ-वनवर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) पहिली पाच कॅलेंडर वर्षं तो नॉन-रेसिडेंटच धरला जातो, म्हणजे ब्लॅकजॅक टॅक्सविना, स्लॉट ३० टक्के. पण २१ पूर्ण आहे ना त्याला? नसेल तर टेबलाजवळ उभंसुद्धा राहू देणार नाहीत.