गावठी कलिंगडाचा वेल किती मोठा होतो आणि किती वेगाने वाढतो?

मामांनी दिलेलं जुनं बी, पेरून पंचवीस दिवस झाले, वेल अजून वीतभर, आणि शेजारी म्हणतात, 'बी उतरलंय, म्हणजे त्याचा मूळ गुण गेलाय, उपटून टाक.' तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. उपटू नका.

जुन्या मोठ्या फळाच्या वाणाचा मुख्य वेल १० ते १५ फूट सहज जातो. मोकळं रान आणि ओल मिळाली तर २० फुटांपर्यंतही पोचतो. बुडाशी ज्या फांद्या फुटतात, त्यांतल्या दोन-तीन मुख्य वेलाच्या बरोबरीने धावतात. म्हणजे एका वेलाला तीस-पस्तीस चौरस फूट जागा तरी लागणार असं धरूनच चालायचं. शुगर बेबीसारखं लहान फळाचं वाण ६ ते १० फुटांत आटोपतं. तेही काही काल-परवाचं संकरित नव्हे, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमातून आलेलं सरळ वाण आहे, त्याचं बी धरता येतं.

वेगाचं म्हणाल तर पहिले तीन-चार आठवडे वेल वर काही करताना दिसतच नाही. तेवढ्यात खाली सोटमूळ उतरत असतं आणि बारीक मुळं चहूबाजूंना पसरत असतात. पाच-सहा पानं आणि पहिला तणावा (आधाराला गुंडाळणारा बारीक दोरा) आला की मग बघा. ऊन तापलं आणि ओल टिकली तर शेंडा दिवसाला चार-पाच बोटं पुढे जातो, भर जोमात त्याहून जास्त. थंडीत रात्रीचं तापमान १८ अंशांखाली गेलं की तोच वेल फार मंदावतो. तुमचे पंचवीस दिवस नेमके थंडीतले असतील तर वीतभर ही वाढ ठीकच आहे. सकाळी शेंडा निरखून पाहा. त्यावर पांढुरकी लव असेल आणि टोक जमिनीपासून उचललेलं असेल तर वेल चालू आहे. टोक जमिनीला टेकून मलूल पडलं असेल तरच काळजी करा.

आता 'बी उतरलंय' या बोलण्याबद्दल. आमच्या घरात याच वाक्यावरून वर्षानुवर्षं वाद आहे.

आम्ही सावंतवाडीकडचे. बाबांच्या आत्याचं सासर गोव्यात बार्देशला, तिथून कधीकाळी आलेलं कलिंगडाचं बी बाबांनी राखेत घोळवून काचेच्या बरणीत जपलेलं. लांबट फळ, फिकट हिरव्यावर गडद पट्टे, साल जाड, गर लालभडक. भात कापून झालं की खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, आळी खणायची, प्रत्येकात शेणखत, आळ्यात तीन बिया, आणि रोपं उभी राहिली की सगळ्यांत जोमदार तेवढं एक ठेवायचं. पाणी कळशीने. सकाळी दव असताना पानांवर राख मारायची, म्हणजे लाल भुंगेरे बसत नाहीत.

एका वर्षी माझ्या चुलतभावाने, दादाने, त्याच बरणीतलं बी नेलं. त्याने आधीच संकरित कलिंगडासाठी गादीवाफे, मल्चिंग पेपर (वाफा झाकायचं प्लास्टिक) आणि ठिबक केलं होतं. दोन रोपांत दीड फूट. संकरिताला ते अंतर चालतं, त्याचं फळ तीन-चार किलोचं आणि वेल आटोपशीर. दादाने त्याच अंतरावर गावठी लावलं, वर युरिया सोडला. महिना-दीड महिन्यात वेल एकमेकांवर चढले, सगळीकडे पालाच पाला. मग त्याने शेंडे खुडायला माणसं लावली. फळं धरली ती बोटाएवढी होऊन पिवळी पडली आणि गळली. शिमग्याला सगळं घर जमलं असताना त्याने बाबांसमोर सांगितलं, 'काका, तुमचं बी उतरलं. नुसता पाला होतो, फळ नाही.'

बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र ते अजून सलतं, कारण त्याच बरणीतलं बी त्याच मोसमात मी खालच्या कुणग्यात लावलं होतं. ओळींमध्ये आठ फूट, दोन आळ्यांत चार फूट. एकही शेंडा खुडला नाही. शिमग्याला माझी फळं अजून नारळाएवढीच होती, म्हणून तेव्हा दाखवण्यासारखं काही नव्हतं. एप्रिलमध्ये भाताची पोती तोलायच्या काट्यावर एकेक फळ चढवलं, चांगली चांगली दहा किलोच्या पुढे गेली. दादा बघायला आला, एक फळ घरी घेऊन गेला, आणि आजही म्हणतो, 'तुझी जमीन चांगली.' जमीन एकच आहे, मधे फक्त मेर, म्हणजे बांध, आहे.

खरी गोष्ट अशी की या वाणाचा वेल मोठा आहे म्हणूनच फळ मोठं आहे. गरातली साखर येते कुठून? पानांतून. दहा किलोचं फळ भरायला तेवढी पानं लागतात. आणि मादी फूल वेलावर साधारण सहा-सात पेरं सोडून एक येतं, बाकी सगळी नरफुलं. शेंडा खुडलात की पुढची मादी फुलं यायची पेरंच गेली. फूल उमलतं सकाळी, दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्यात मधमाशी अनेकदा येऊन गेली तरच फळ नीट धरतं, नाहीतर वेडंवाकडं होतं किंवा गळतं. पाल्याच्या ढिगात दडलेलं फूल माशीला सापडणार कसं? दादाच्या शेतात बी नव्हे, अंतर चुकलं होतं. अमेरिकेत टेनेसीमध्ये २०१३ साली १५९ किलोचं विक्रमी कलिंगड निघालं. असली फळं काढणारे लोक एका वेलावर एकच फळ ठेवतात, पण त्या एका फळासाठी वेलाला ऐसपैस रान देतात.

बी खरंच उतरतं तेव्हा दोष बी निवडणाऱ्याचा असतो. गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आपल्या गावची, गोव्यातल्या पर्रा गावची गोष्ट भाषणात सांगायचे. तिथला शेतकरी हंगामाच्या शेवटी गावातल्या मुलांना मोठमोठी कलिंगडं फुकट खायला द्यायचा, अट एकच, बी चावायचं नाही, थुंकून भांड्यात टाकायचं. ते बी पुढच्या वर्षीला. पुढे त्याच्या मुलाने मोठी फळं बाजारात धाडली आणि मुलांना बारकी दिली. बारक्यांचं बी पेरत गेला आणि काही वर्षांत ती मोठी कलिंगडं संपली. गोष्ट सांगण्याचा त्यांचा रोख वेगळा होता, पण शेतीच्या दृष्टीनेही ती पक्की आहे.

मी त्यात एक भर घालतो. फक्त फळाचा आकार बघून बी धरू नका, वेल बघा. कोपऱ्यातल्या वेलाला जागा आणि खत जास्त मिळालं म्हणून त्याचं फळ मोठं होतं, त्यात बियाण्याचा गुण थोडाच. चारचौघांसारखी जागा मिळूनही जो वेल जोमात धावला, ज्याची पानं शेवटपर्यंत निरोगी राहिली आणि ज्याने गोड फळ दिलं, त्याचं बी ठेवा. तेही एका वेलाचं नको, चार-पाच वेलांचं एकत्र ठेवा. बाबा हेच करायचे, आणि दादाला यातलं काही माहीत नव्हतं.

मधमाश्या शेजारच्या दुसऱ्या वाणाचे पराग आणतात, तेवढं मात्र जपावं लागतं. बीजोत्पादनात पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे विक्रीचं बी वाढवतात) दोन वाणांत १००० मीटर अंतर ठेवतात. आपल्या तुकड्यात ते कुठून ठेवणार? म्हणून उद्या उमलणारी मादी कळी संध्याकाळी दोऱ्याने हलकी बांधायची, नरकळीही तशीच बांधायची, सकाळी लवकर दोन्ही सोडून नरफूल मादी फुलाला घासायचं, पुन्हा बांधून देठाला खुणेची चिंधी लावायची. काकडी, भोपळा, खरबूज शेजारी असेल तर घाबरू नका, त्यांच्याशी संकर होत नाही. होतो तो दुसऱ्या कलिंगडाशीच.

आता राहिलेलं. मामांनी बी बाजारच्या फळातून काढलेलं असेल तर माझं वरचं सगळं लागू नाही, आजकाल बाजारातलं बहुतेक कलिंगड संकरित असतं आणि त्याच्या बियांतून काय निघेल ते सांगता येत नाही. युरिया जास्त पडला असेल तर मोकळ्या जागेतसुद्धा पालाच माजेल. फळ धरल्यापासून पिकायला साधारण ३० ते ४५ दिवस लागतात, मोठ्या वाणाला पेरणीपासून तीन महिने, थंडीत जास्त. फळाजवळचा तणावा वाळला आणि जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळा झाला की तोडा.

गच्चीवरच्या ड्रमचंही तुम्ही विचारलं आहे. दोन फुटी ड्रममध्ये एकच वेल लावा, कडेवरून खाली सोडून गच्चीभर पसरू द्या, उन्हाळ्यात रोज पाणी घाला, फळ एक किंवा दोनच ठेवा. दहा किलोचं निघणार नाही. शक्य असेल तर मामांचं बी यंदा गावात कुणाच्या तरी मोकळ्या रानात लावायला द्या आणि ड्रममध्ये शुगर बेबी लावा.