लिफ्टमधली क्लिप ग्रुपवर टाकण्याआधी

प्रिय सेक्रेटरी,

लिफ्टच्या कोपऱ्यात गुटख्याची पिंक टाकणाऱ्याचं फुटेज सापडलंय आणि आज रात्रीच ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचंय, असं कळवलंस. राग रास्त आहे. तरी थांब.

आधी पुरावा वाचव. हार्डडिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं रेकॉर्डिंग पुसत जातो. बऱ्याच ठिकाणी ते पंधरा दिवसही टिकत नाही. स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करू नकोस, मूळ फाइल पेनड्राइव्हवर घे. डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलची वेळ यांतला फरक तेव्हाच लिहून ठेव. ही घड्याळं सर्रास मागेपुढे असतात आणि सात मिनिटांच्या फरकानं पिंक भलत्याच माणसाच्या नावावर जाते. कोर्टाची वेळ आलीच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रही लागेल.

मग ओळख पटव. छताजवळच्या कॅमेऱ्यात टोपी आणि खांदे, एवढंच दिसतं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये दिवसभर डिलिव्हरीवाले, सुतार, भाडेकरूंचे पाहुणे ये-जा करतात. वॉचमनच्या वहीतली नोंद जुळल्याशिवाय फ्लॅट नंबर तोंडातून काढू नकोस. लहान मूल असेल तर क्लिप आईवडिलांनाच दाखव, समितीतही फिरवू नकोस.

‘खरंच आहे, मग बदनामी कसली?’ असं तू म्हणशील. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये नुसता खरेपणा पुरत नाही, ते सांगण्यात लोकहितही असावं लागतं. नसेल तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. आणि दोनशे घरांना चेहरा कळून लिफ्ट पुसली जाते थोडीच! उलट त्याची शाळेत जाणारी मुलगी त्याच लिफ्टनं उतरते.

त्यापेक्षा बंद पाकिटात कारणे दाखवा नोटीस दे: तारीख, वेळ, उपविधीतला नियम, उत्तराला सात दिवस. त्याचं म्हणणं समितीपुढे ऐका, इतिवृत्तात नोंदवा. दंड सर्वसाधारण सभेनं ठरवलाय तेवढाच. ग्रुपवर दोन ओळी पुरे: ‘लिफ्टमध्ये थुंकल्याचं आढळलं. कारवाई सुरू आहे.’ विंग नको, मजला नको. मजला सांगितला की नाव सांगितल्यासारखंच. ‘कोण, कोण?’ असे वीस मेसेज येतील. येऊ देत.

कुणी आधीच क्लिप टाकली असेल तर ॲडमिनला ती सगळ्यांसाठी डिलीट करता येते, पण ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे राहतेच. म्हणून डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदल. तो वॉचमनच्या टेबलावर चिकटवलेला असतो.

मारहाण किंवा मुलीचा पाठलाग दिसला तर मात्र नोटीस वगैरे नाही. थेट 112 लाव, पेनड्राइव्ह पोलिसांना दे आणि पोच घे.