रंगीत प्रिंटरवर छापलेल्या कागदावरून तो कोणी छापला हे खरंच कळू शकतं का?

प्रिंटर कळू शकतो, आणि त्यावरून माणसापर्यंत पोहोचणं पुष्कळदा अवघड नसतं.

अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळे ठिपके छापतात. एकेक ठिपका साधारण 0.1 मिलिमीटरचा. पांढऱ्या कागदावर पिवळा रंग डोळ्यांना जाणवतच नाही. निळ्या प्रकाशात भिंगाखाली धरा, मग तेच ठिपके काळपट दिसू लागतात. ही नक्षी पानभर पुन्हा पुन्हा येते, म्हणून कागदाचा तुकडा उरला तरी ती वाचता येऊ शकते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरची नक्षी उलगडली. त्यात प्रिंटरचा अनुक्रमांक, छपाईची तारीख आणि वेळ होती!

नकली नोटा पकडण्यासाठी हे केलं, असं सांगितलं जातं. तो हेतू मला मान्य आहे. पण विकत घेणाऱ्याला न सांगता त्याच्या प्रत्येक पत्रावर, तक्रारीवर खूण उमटवणं मला अजिबात पटत नाही. निनावी तक्रार करणाऱ्याची सुरक्षितताच त्यात पणाला लागते.

उपाय? ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘डेडा’ नावाचं मोफत साधन आणलं. ते स्कॅनमधले ठिपके शोधतं, पुसतंही. काळी-पांढरी छपाई करणाऱ्या लेझर प्रिंटरमध्ये पिवळा टोनरच नसतो, त्यामुळे हे ठिपके येत नाहीत. रंगीत प्रिंटरवर नुसतं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडून मात्र निर्धास्त राहू नका.